तक्ता भिंतीवर, कामगार जमिनीवर

भोसरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यातील कोणत्याही मोठ्या कारखान्याच्या वीजखोलीत पाऊल टाकले की भिंतीवर काचेच्या चौकटीत बसविलेला एक तक्ता नजरेस पडतो. विजेचा धक्का बसलेल्या माणसावर करावयाचे उपचार त्यावर चित्रांसह छापलेले असतात. चौकटीवर धुळीचा थर साचलेला असतो, चित्रे विटलेली असतात, आणि ज्या कामगाराचे प्राण त्या तक्त्याने वाचावयाचे, त्याने तो बहुधा एकदाही वाचलेला नसतो. तपासणीस आलेला अधिकारी तक्ता आहे की नाही एवढेच पाहतो, कागदावर खूण करतो आणि निघून जातो. कायद्याचे समाधान होते. कामगाराचे काय?

वास्तविक कायदा तक्ता टांगून थांबला नव्हता. भारतीय वीज नियम, १९५६ मधील ४४ व्या नियमाने कारखानदारावर दोन जबाबदाऱ्या टाकल्या होत्या. धक्का बसलेल्या माणसाला शुद्धीवर आणण्याच्या सूचना जिल्ह्याच्या भाषेत ठळक जागी लावणे ही पहिली; आणि वीजकामावर नेमलेल्या माणसांना त्या सूचना ठाऊक आहेत व त्यांप्रमाणे उपचार करण्यास ती समर्थ आहेत याची खात्री करणे ही दुसरी. पुढच्या वीजसुरक्षा विनियमांनीही हा दंडक उचलून धरला. परंतु पहिली जबाबदारी तक्ता विकत आणून पार पडते, दुसरीला कामगाराचा वेळ आणि मालकाचा पैसा लागतो. म्हणून पहिली चौकटीत बसली आणि दुसरी कागदावर राहिली. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की, यांतील कित्येक तक्त्यांवर आजही माणसाला पालथे निजवून पाठ दाबण्याची चित्रे आहेत. शेफर आणि होल्गर नील्सन यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या पद्धती वैद्यकशास्त्राने १९६० च्या सुमारासच बाजूला सारल्या. म्हणजे कोणी तो तक्ता वाचून प्रामाणिकपणे अमलात आणला, तरी थांबलेल्या हृदयाच्या माणसाला त्याचा उपयोग व्हावयाचा नाही!

प्रश्न किती मिनिटांचा आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. विजेचा जोराचा धक्का बसला किंवा हृदयविकाराचा तीव्र झटका आला, म्हणजे हृदय अनेकदा नुसते थरथरत राहते आणि रक्त पुढे ढकलणे थांबते. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत त्याची हानी सुरू होते. अशा वेळी छातीदाब न मिळाल्यास प्रत्येक सरत्या मिनिटाबरोबर जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. दहा मिनिटे नुसती वाट पाहण्यात गेली, तर वाट पाहण्यासारखे फारसे काही उरत नाही. आता चाकणच्या तळेगाव चौकातील सायंकाळ डोळ्यांसमोर आणावी. नाशिक रस्त्यावर ट्रेलरच्या रांगा, तळेगाव-शिक्रापूर रस्त्यावर दुसऱ्या रांगा, आणि त्यांत अडकलेली रुग्णवाहिका. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या एखाद्या कारखान्यातून पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाकडे निघायचे, तर अंतर किलोमीटरांत मोजून भागत नाही. राज्यात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली तेव्हा तीत ९३७ रुग्णवाहिका होत्या. ही सेवा आवश्यक आहे यात वाद नाही. परंतु जगातील कोणतीही रुग्णवाहिका यंत्राशेजारी उभ्या असलेल्या सोबत्याच्या आधी पोहोचू शकत नाही. पहिल्या चार मिनिटांचा वैद्य म्हणजे शेजारचा कामगारच. दुसरा कोणी असूच शकत नाही.

आणि या विद्येवर कामगाराचा हक्क दयेपोटी आलेला नाही. छातीदाबाच्या शास्त्राचा जन्मच कामगारांच्या मरणातून झाला आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत वीजवाहिन्यांवर काम करणारे लाइनमन धक्का बसून मरू लागले, तेव्हा तेथील वीज कंपन्यांनी त्यावर संशोधनासाठी पैसा दिला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात या कामास जन्म घालवणारे विल्यम कौवेनहोवन हे वैद्य नव्हते, विद्युत अभियंते होते. त्यांचे तरुण सहकारी गाय निकरबॉकर यांना १९५८ च्या सुमारास प्रयोग करताना असे दिसले की, विजेच्या पट्ट्या छातीवर नुसत्या दाबल्या तरी रक्तदाब वाढतो. शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्यासह या तिघांनी जुलै १९६० मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याचे सार एवढेच होते की, छाती न उघडता, बाहेरून दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येते आणि त्यासाठी दोन हातांवाचून दुसरे साधन लागत नाही. त्याच काळात पीटर सफर आणि जेम्स एलम यांनी तोंडाने तोंडात श्वास देण्याची पद्धत पाठ दाबण्यापेक्षा श्रेष्ठ असल्याचे सिद्ध केले. तारेवर मेलेल्या श्रमिकांनी आपल्या प्राणांनी जगाला ही विद्या दिली. ती चाकणच्या श्रमिकापर्यंत पोहोचू नये, यासारखी विटंबना कोणती?

विद्या म्हणावी तर ती अर्ध्या दिवसात शिकून होते. कोसळलेला माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास घेत नाही किंवा मधूनमधून नुसते आचके देतो, तर त्याचे हृदय थांबले असे समजावे. आचका म्हणजे श्वास नव्हे, हे न कळल्याने अनेकांचा जीव जातो. कांदा किंवा चप्पल हुंगविण्यात, तोंडावर पाणी मारण्यात एक क्षणही दवडू नये. धक्का विजेचा असेल तर अंगाला हात लावण्यापूर्वी प्रवाह तोडावा. मग एकाने १०८ ला कळवावे, दुसऱ्याने हृदयाला विजेचा नियंत्रित झटका देणारे एईडी यंत्र आणण्यास धावावे, आणि तिसऱ्याने त्याच क्षणी माणसाला कठीण जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटालगतचा भाग टेकवावा, त्यावर दुसरा हात ठेवावा आणि कोपरे ताठ ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावे. प्रत्येक दाबानंतर छाती पुरती वर येऊ द्यावी. शिकलेल्याने ३० दाबांनंतर २ श्वास द्यावेत, न शिकलेल्याने नुसते दाबत राहावे. दोन मिनिटांत हात थकतात, तेव्हा खंड न पाडता दुसऱ्याने जागा घ्यावी. यंत्र आले की ते उघडावे. पुढे काय करावयाचे ते यंत्रच बोलून सांगते.

यातून एक गोष्ट लख्ख दिसते. हे काम एकट्यादुकट्याचे नाही, टोळीचे आहे. कळवणारा, धावणारा, दाबणारा आणि दाबणाऱ्याची जागा घेणारा, असे निदान चौघे तरी तयार हवेत. आणि कायदा काय सांगत होता? कारखाना कायदा, १९४८ च्या ४५ व्या कलमाने दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी, ती सांभाळण्यास एक प्रमाणपत्रधारक माणूस, आणि पाचशेहून अधिक कामगार असल्यास एक रुग्णवाहिका-खोली, एवढे बंधन घातले होते. कायद्याने पेट्या मोजल्या, हात मोजले नाहीत. त्या पेटीतील पट्टी, कापूस आणि जंतुनाशक यांपैकी कशानेही थांबलेले हृदय सुरू होत नाही. प्रमाणपत्रधारक गृहस्थ पहिल्या पाळीत असतो आणि माणूस तिसऱ्या पाळीत कोसळतो. प्रमाणपत्र मात्र टाइम ऑफिसात सुरक्षित असते!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा जाऊन २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता अमलात आली. सुटसुटीतपणाच्या नावाखाली आलेल्या या संहितेने कामगाराच्या जिवाचा हिशेब नव्याने मांडला काय? मुळीच नाही. रुग्णवाहिका-खोलीसाठी पाचशेहून अधिक कामगारांची अट तशीच राहिली. सुरक्षा समितीसाठी कारखान्यात पाचशे, आणि धोकादायक प्रक्रिया असल्यास अडीचशे कामगार लागतात. १९४८ च्या मूळ कायद्यात विजेवर चालणारी जागा दहा कामगारांवर कारखाना ठरत होती. संहितेने तो आकडा वीसवर नेला. भोसरीच्या आणि चिखलीच्या गल्ल्यांत आठ-दहा-पंधरा माणसांवर चालणारे प्रेस शॉप, फॅब्रिकेशनचे आणि पावडर कोटिंगचे गाळे ज्याने पाहिले आहेत, त्याला या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावयास नको. ज्या जागी वेल्डिंगच्या उघड्या तारा ओल्या फरशीवरून जातात, तीच जागा समितीच्या आणि खोलीच्या हिशेबातून बाहेर पडते. मोठ्या कारखान्याच्या चकचकीत मोटारीतील पुष्कळसे सुटे भाग याच गाळ्यांतून येतात. भाग आत येतो; जबाबदारी मात्र फाटकाबाहेरच थांबते.

मोठ्या फाटकांच्या आतही सर्व समान नाहीत. कायम कामगाराला वर्षाकाठी एखादे सुरक्षा-व्याख्यान ऐकावयास मिळते. त्याच्या शेजारी तेच काम करणारा कंत्राटी कामगार, शिकाऊ उमेदवार, रात्रीच्या पाळीला ठेकेदाराच्या गाडीतून आणून सोडलेला बिहारचा किंवा मराठवाड्याचा तरुण यांना तेही नाही. कारण त्यांचे नाव कंपनीच्या नव्हे, ठेकेदाराच्या हजेरीपटावर असते. परंतु विजेला हजेरीपट वाचता येत नाही. कायम कामगार कोसळला तर त्याच्याजवळ बहुधा कंत्राटीच उभा असणार! त्याला अडाणी ठेवणे म्हणजे कायम कामगारालाही मरणाच्या दारात ठेवणे होय. वायर हार्नेसच्या जुळणीवर शेकडो स्त्रिया काम करतात. त्यांच्यापैकी एखादी कोसळली तर पुरुष सहकारी छातीवर हात ठेवण्यास कचरतो. लोक काय म्हणतील, हा विचार त्याच्या हातांना बांधून ठेवतो. या संकोचावर उपाय एकच: स्त्री कामगारांना प्रथम शिकवा, आणि पुरुषांना त्यांच्याबरोबरच शिकवा.

व्यवस्थापनाचे आक्षेप ठरलेले आहेत. पहिला आक्षेप उत्पादन बुडण्याचा. मग हिशेबच करू द्यावा. वर्षाचे ३०० दिवस आणि दिवसाचे ८ तास धरले तर २४०० तास होतात. त्यांतील ४ तास शिक्षणाला दिले तर तो सहाशेवा हिस्सा झाला. ४ मार्चपासून साजऱ्या होणाऱ्या सुरक्षा सप्ताहात फलक रंगविणे, घोषवाक्यांच्या स्पर्धा, शपथा आणि पाहुण्यांचे सत्कार यांवर जो वेळ जातो, तोच या कामी लावला तरी पुरे. दुसरा आक्षेप असा की, अकुशल माणसाला हे जमावयाचे नाही. या आक्षेपाला १९६७ सालीच उत्तर मिळाले आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात, ज्यांना कामास नालायक ठरविले होते अशा काळ्या वस्तीतील बेकार तरुणांना पीटर सफर यांनी शिकविले आणि 'फ्रीडम हाऊस' ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. तिच्या कामगिरीचे धडे इतरांनी गिरविले. बक्षीस काय मिळाले? १९७५ साली शहराच्या सत्ताधाऱ्यांनी ती बंद करून आपली सेवा सुरू केली आणि हळूहळू त्या काळ्या तरुणांना बाजूला सारले. कोण कुशल आणि कोण अकुशल हे पुष्कळदा हात ठरवीत नाहीत, सत्ता ठरविते.

डेन्मार्कने २००५ पासून शाळांत आणि २००६ पासून वाहन परवान्यासाठी हे शिक्षण सक्तीचे केले. २००१ साली तेथे रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी सुमारे २१ टक्क्यांनाच जवळच्या माणसांकडून छातीदाब मिळत होता. २०१० साली हे प्रमाण ४५ टक्क्यांवर गेले. महिनाभरानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळजवळ अकरा टक्क्यांवर आले. यात इतर सुधारणांचाही वाटा होता हे मान्य. तरी सामान्य माणसाला हे जमत नाही, ही सबब तेथे कायमची निकालात निघाली. भारतात भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली केवळ छातीदाबाची सोपी पद्धत लोकांसाठी सिद्ध केली, आणि केंद्र सरकारने ६ डिसेंबर २०२३ रोजी देशभर २० लाखांहून अधिक लोकांना या मोहिमेत सामील करून घेतले. चांगलेच झाले! परंतु पडद्यावर पाहून पोहणे येत नाही, तसे हेही येत नाही. पुतळ्याच्या छातीवर स्वतः दाब दिल्यावाचून हातांना खोली कळत नाही, आणि एकदा शिकलेले काही महिन्यांत विसरले जाते. विक्रमासाठी भरविलेला एक दिवस आणि वर्षानुवर्षे चालणारी शिकवणी, यांत जत्रा आणि शाळा यांइतके अंतर आहे.

कामगाराचा प्रश्न कारखान्याच्या फाटकापाशी संपत नाही. मोशी, चिखली, कुरुळी, खराबवाडी येथील भाड्याच्या खोल्यांत आणि बांधकामांवरील पत्र्याच्या झोपड्यांत त्याची मुले वाढतात. उघडी पाण्याची टाकी, पत्र्यात उतरलेली वीज, पवना-इंद्रायणीचा काठ, पाण्याने भरलेल्या दगडखाणी हे त्यांचे अंगण आहे. मुलाचे हृदय सहसा आधी थांबत नाही. आधी श्वास कोंडतो, मग हृदय थांबते. म्हणून मुलांच्या बाबतीत नुसता छातीदाब पुरत नाही, श्वास द्यावाच लागतो. बुडालेल्या मुलाला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार घातक आहेत. त्याला आधी श्वास द्यावेत आणि मग छातीदाब सुरू करावा. एक वर्षावरील मुलाची छाती एका किंवा दोन हातांनी, तिच्या जाडीच्या एकतृतीयांश, म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर दाबावी. तान्ह्या बाळाची छाती दोन्ही हातांच्या वेढ्यात घेऊन अंगठ्यांनी किंवा एका तळहाताच्या मनगटालगतच्या भागाने सुमारे ४ सेंटिमीटर दाबावी. एकटा असेल त्याने ३० दाबांमागे २ श्वास द्यावेत. शिकलेले दोघे असतील तर १५ मागे २. शेंगदाणा घशात अडकून बाळ गुदमरले तर न दिसणारी वस्तू काढण्यासाठी घशात बोट घालू नये. पाठीवर पाच थापा आणि छातीवर पाच दाब आळीपाळीने द्यावेत. वर्षावरील मुलाला छातीऐवजी बेंबीच्या वर पोटावर दाब द्यावा. हे ज्ञान आईजवळ असावयास हवे, अंगणवाडीताईजवळ असावयास हवे, शाळेच्या शिपायाजवळ असावयास हवे. एकेकाळी श्रीमंतीचा डौल मिरवणाऱ्या महापालिकेला प्रत्येक वस्तीसाठी एक पुतळा आणि एक शिक्षक परवडत नाही, हे कोणी खरे मानील काय?

आता चळवळीतल्या आक्षेपाकडे वळले पाहिजे. तो अधिक गंभीर आहे. काही साथी म्हणतात, ही रेडक्रॉसची कामे झाली. कामगार मरूच नये म्हणून लढावयाचे, की मेल्यावर छाती दाबीत बसावयाचे? प्रश्नातील पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या फुलबाजी-मेणबत्त्या करणाऱ्या कारखान्यात आग लागली. सहा जण त्याच दिवशी गेले आणि पुढे मृतांचा आकडा वाढत गेला. तेथे छातीदाबाचा उपयोग नव्हता. तेथे दारू हाताळण्याचे निर्बंध, मोकळ्या वाटा आणि जागा असणारे निरीक्षण हवे होते. विषारी वायूने भरलेल्या टाकीत साधनांवाचून उतरणाऱ्या सोबत्याचाही बळी जातो. तेथे माणसाला उतरू न देणे हाच उपाय. जीव वाचविण्याचे शिक्षण ही सुरक्षेची जागा घेणारी वस्तू नव्हे, आणि मालक ती तशी वापरू पाहील तर त्याचा हात तेथेच धरला पाहिजे. परंतु प्रश्नातील दुसरा भाग चुकीचा आहे. संपूर्ण सुरक्षित कारखाना मिळेपर्यंत कोसळणाऱ्या सोबत्याकडे पाहत उभे राहावे, असे कोणती विचारसरणी सांगते? आठ तासांच्या दिवसासाठी लढताना कोणी म्हणाले नव्हते की, शोषण संपेपर्यंत बारा तास चालू द्या. शिवाय जो कामगार सोबत्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मरणातून ओढून आणतो, तो दुसऱ्या दिवशी विचारतोच: हा माणूस कोसळला का? ती तार उघडी का होती? सलग दुसरी पाळी त्याच्यावर का लादली? हा प्रश्न कोणत्याही पत्रकाहून खोल जातो.

आणि खरे सांगावयाचे तर येथे संघटनांनीही आपल्या अंगणात पाहिले पाहिजे. या पट्ट्यात करारांमागून करार झाले. पगारवाढ, बोनस, कॅन्टीन, बसभाडे, उत्पादकतेचे आकडे या सर्वांवर रात्री जागून घासाघीस झाली. पहिल्या चार मिनिटांवर किती बैठकांत शब्द उच्चारला गेला?

तेव्हा येत्या मागणीपत्रकांत पुढील गोष्टी आल्याच पाहिजेत. कायम, कंत्राटी, शिकाऊ अशा प्रत्येक कामगाराला वर्षातून एकदा पगारी वेळेत, मराठीत व हिंदीत, पुतळ्यावर प्रत्यक्ष शिक्षण मिळावे आणि दर सहा महिन्यांनी उजळणी व्हावी. प्रत्येक पाळीत, प्रत्येक विभागात निदान चौघे शिकलेले हजर असावेत. मोठ्या कारखान्यात एईडी यंत्र कुलपाबाहेर, दोन-तीन मिनिटांत आणता येईल अशा जागी असावे. लहान गाळ्यांसाठी मोठे खरेदीदार कारखाने आणि औद्योगिक विकास महामंडळ यांनी ते सामायिक ठेवावे. सदिच्छेने उपचार करणाऱ्याला संरक्षण देणारे मोटार वाहन कायद्याचे १३४अ हे कलम केवळ वाहन अपघातांपुरते आहे. म्हणून मदतीस धावलेल्या कामगारावर कोणतीही कारवाई होणार नाही, असे लेखी आश्वासन करारात असावे. आणि वीजखोलीतील जुना तक्ता उतरवून नवा लावावा, तोही वाचून दाखविल्यानंतरच.

मालकांची वाट पाहण्याचे मात्र कारण नाही. एक पुतळा, एक सतरंजी आणि शिकविण्यास तयार असलेला एक डॉक्टर किंवा परिचारिका एवढ्यावर पक्षाच्या कोणत्याही शाखेत रविवारची सकाळ या कामी लावता येते. काचेआड कोंडलेले ज्ञान कामगाराच्या हातांत उतरविणे हे काम लहान नाही. पुढच्या करारात हे कलम नसले आणि रात्रपाळीत एखादा सोबती दहा जणांच्या घोळक्यात, कोणाचाही हात न लागता गेला, तर त्याचा जाब मालकाला द्यावा लागेलच. परंतु त्याच्या घरच्यांसमोर प्रथम उभे राहावे लागेल ते संघटनेला.